छडी गेली, तिची जागा रिकामीच राहिली

मधली सुट्टी संपल्यानंतरचा पहिला पिरियड. सहावी ते आठवीच्या कुठल्याही वर्गात डोकावून पाहा. घंटा झालीय, सर अजून जिन्यात आहेत, दोघं जण वॉटर कूलरवरून परतलेले नाहीत, कुणाच्या तरी डब्यातली सेव बाकावर सांडलीय आणि ती कोणी उडवली यावर खटला चालू आहे. सर येतात, "बसा, बसा" म्हणतात, कॉपी (म्हणजे वही) काढायला सांगतात. कुठली कॉपी, हे तीन मुलं तीन वेळा विचारतात. शिकवणं खरोखर सुरू होतं तेव्हा सात मिनिटं गेलेली असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलं आहे. २२० दिवस रोज एका पिरियडची सात मिनिटं गेली तर १५४० मिनिटं होतात, म्हणजे चाळीस मिनिटांचे अडतीस पिरियड. गणिताचे दोन-तीन धडे त्यात सहज बसतील.

या सात मिनिटांची तक्रार शाळेच्या दप्तरात कुठे नसते. तिथे मारामारी असते, शिवीगाळ असते, फुटलेली काच असते. पालकसभेत वागणुकीचा विषय निघाला की पालक म्हणतात, शाळेत धाक राहिला नाही. शाळा म्हणते, घरी संस्कार राहिले नाहीत. आणि चहा येतो. दोघांनाही एक गोष्ट सोयीची आहे: वागणूक ही शिकवायची गोष्ट आहे हे कोणालाच मान्य करावं लागत नाही. भागाकार चुकला तर आपण मुलाला भागाकार पुन्हा शिकवतो. रांगेत चुकला तर मात्र शिक्षा देतो. मुळात रांग त्याला कोणी शिकवली होती का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

छडी कायद्याने गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई करतं. एखादे बाबा सभेत उठून "मॅडम, द्या दोन ठेवून, आमची काही हरकत नाही" असं म्हणतात खरे, पण पालकांच्या परवानगीने ही मनाई उठत नाही. झालं ते चांगलंच झालं. गोची पुढची आहे. छडी काढून घेतली, तिच्या जागी काय ठेवायचं हे शिक्षकाच्या हातात कोणी दिलं नाही. मग ज्याला जे सुचलं ते त्याने केलं: वर्गाबाहेर उभं करणं, डायरीत लाल शेरा, पालकांच्या ग्रुपवर मुलाचा फोटो, पी.टी.चा पिरियड कापणं, अख्ख्या वर्गाला मधल्या सुट्टीत डांबून ठेवणं.

यातला बाहेर उभं करण्याचा प्रकार जरा जवळून पाहू. गणिताची धास्ती असलेला मुलगा शेजाऱ्याला पेन्सिल टोचतो. बाई म्हणतात, "बाहेर हो." त्याला गणित नको होतं आणि गणित टळलं. वर व्हरांड्यात वारा आहे, खाली ग्राउंडवर आठवीची मॅच दिसते. उद्या तो पेन्सिल पहिल्या पाच मिनिटांतच टोचेल. बाईंच्या लेखी ही शिक्षा, त्याच्या लेखी बक्षीस. वागण्यामागे मुलाला काहीतरी मिळत असतं: कुणाचं तरी लक्ष, नकोशा कामातून सुटका, हवी असलेली वस्तू, किंवा नुसतीच अंगातली चुळबुळ भागणं. पेन्सिल टोचणं एकच, पण या चारांपैकी कशासाठी टोचली त्यावर इलाज बदलतो. लक्ष हवं असणाऱ्याला वर्गासमोर झापलं तर त्याला हवं तेच दिलं. सुटका हवी असणाऱ्याला बाहेर काढलं तरी तेच. त्याला दहा उदाहरणांऐवजी आधी तीन द्यावीत, पहिलं आपण अर्धं सोडवून द्यावं आणि जागेवरच बसवावं.

पी.टी. कापण्याबद्दल एवढंच म्हणेन की ज्याला बसवत नाही त्याला आणखी बसवून ठेवून तो बसायला शिकत नाही. आणि सामूहिक शिक्षेत पंचेचाळिसातली चाळीस मुलं एवढंच शिकतात की नीट वागूनही काही उपयोग नाही. ग्रुपवरचा फोटो तर कलम १७ मधल्या मानसिक त्रासापासून फार लांब नाही.

न शिकवलेल्या गोष्टीला उद्धटपणा कसं समजलं जातं, याचा एक नमुना इंदूरच्या मराठी घरांना चांगला कळेल. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथल्या घरांत मूल आईला "तू" म्हणतं आणि आजोबांना "तुम्ही". शाळेत हिंदी. तिथे मॅडमना "आप" म्हणायचं असतं. पण "तुम्ही" हा आदराचा शब्द डोक्यात बसलेलं मूल सहज बोलून जातं, "मॅडम, तुम बैठो ना." मराठीत हे "तुम्ही बसा ना" असतं, पूर्ण अदबीचं. हिंदीत ते मॅडमना खांद्यावर हात टाकल्यासारखं लागतं. डायरीत शेरा येतो: बोलण्याची पद्धत उद्धट. मूल गोंधळतं, घरचे दुखावतात. "आप बैठिए" हे दोन मिनिटांत चार वेळा म्हणवून घेतलं असतं तर विषय संपला असता. वर्गात शेऱ्यापर्यंत जाणाऱ्या कितीतरी गोष्टी या जातीच्या असतात.

सहावीतच हे का उफाळतं, तेही पाहायला हवं. पाचवीपर्यंत बहुतेक ठिकाणी एक वर्गशिक्षक दिवसातला बराच वेळ असतो. त्याचे नियम मुलाला पाठ होतात. सहावीत सहा-सात विषयशिक्षक येतात आणि प्रत्येकाची रीत वेगळी. एकीला हात वर केल्याशिवाय बोललेलं चालत नाही, दुसरे सर ओरडून उत्तर देणाऱ्याला "वाह बेटा" म्हणतात. एका पिरियडमध्ये पाणी प्यायला विचारावं लागतं, दुसऱ्यात उठून जायचं असतं. अकरा-बारा वर्षांचं मूल दिवसातून सात वेळा घटना बदललेल्या देशात राहतं. त्यात अंगात बदल चालू, आणि मोठ्यांपेक्षा शेजारच्या बाकाचं मत महत्त्वाचं झालेलं. म्हणून सुधारणेची पहिली पायरी मुलांपाशी नसून स्टाफरूममध्ये आहे. एकाच वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्यांनी बसून चार गोष्टी एकसारख्या ठरवायच्या: वर्गात शिरायचं कसं, बोलायची परवानगी कशी मागायची, शांततेची खूण कोणती, पाणी-बाथरूमला जायचं कसं. एवढं ठरायला एक दुपार पुरते. अवघड जातं ते पाळणं, आणि ते मोडतात बहुधा सीनियर सरच.

ठरलं की शिकवायचं. भाषण देऊन नव्हे, आणि तक्ता टांगून तर नाहीच. "शिस्त पाळा" हा तक्ता वाचून कोणी जिना नीट उतरल्याचं ऐकिवात नाही. नियम तीन किंवा चार असावेत आणि काय करायचं ते सांगणारे असावेत. "जिन्यात पळू नका" यातून मुलाला काय करायचं ते कळत नाही. "डाव्या बाजूने, एका वेळी एक पायरी, एक हात कठड्यावर" हे कळतं. आता हे जिन्यावरच नेऊन शिकवायचं. शिक्षकाने आधी करून दाखवायचं. मग चुकीचं कसं दिसतं तेही दाखवायचं, पण चूक शिक्षकानेच करायची. मुलांना चुकीचा नमुना करायला दिला की सगळी मजा त्या चुकीतच येते आणि पुढचे आठ दिवस तोच प्रयोग चालतो. मग चार-चार मुलांनी उतरायचं, बाकीच्यांनी पाहायचं. दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी वॉटर कूलर: एक पीत असताना पुढचा एक फरशी मागे, बाटली भरणाऱ्यांची रांग वेगळी. तिसऱ्या दिवशी बाथरूम, मग बसची रांग. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं.

मध्य प्रदेशच्या वेळापत्रकात इथे एक खोच आहे. सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, महिनाभरात उन्हाळ्याची सुट्टी लागते. एप्रिलमध्ये शिकवलेल्या रांगा जूनपर्यंत टिकत नाहीत. शाळा मात्र धरून चालते की "सांगून झालंय". जूनमध्ये शाळा भरली की पुन्हा पहिल्यापासून, दिवाळीनंतर अर्धा आठवडा, आणि जानेवारीत थंडीच्या सुट्टीनंतर दोन दिवस, एवढी उजळणी धरूनच चालावी. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात. दुसऱ्या दिवशी शाळा असलीच तर अर्धा वर्ग पेंगत असतो. त्या दिवशीच्या वागण्याचा हिशेब ठेवू नये, सोपा धडा घ्यावा. रंगपंचमीच्या आठवड्यात खिशात फुगे येणारच, तेव्हा गेटवरच एक टोपली ठेवलेली बरी.

वर्गातल्या त्या सात मिनिटांवर इलाज स्वस्त आहे. शिक्षक घंटेआधी दारात उभा. फळ्यावर तीन मिनिटांचं काम आधीच लिहिलेलं, कालच्याच धड्यातलं, कुणालाही न विचारता करता येईल असं. कोपऱ्यात कोणती कॉपी काढायची ते लिहिलेलं. मुलगा आत येताना त्याचं नाव घ्यायचं, इतकंच. तीन मिनिटं झाली की शिक्षकाचा हात वर. ज्याला दिसेल त्याने आपला हात वर करून गप्प व्हायचं. पाच मोजेपर्यंत वर्ग थांबला पाहिजे. गोंगाटावर आवाज चढवून बोलायचं नाही, कारण त्यातून वर्ग एवढंच शिकतो की सर ओरडेपर्यंत ऐकायची गरज नसते. हे फसतं कुठे? फळ्यावरचं काम अवघड निघालं तर. मग मुलं विचारायला उठतात आणि सगळं मूळपदावर येतं. काम मुद्दाम सोपं हवं. पहिला आठवडा ते तपासून परत द्यायला हवं, नाहीतर चौथ्या दिवशी कोणी करत नाही.

इंदूरला या बाबतीत बाहेरून दाखले आणायची गरज नाही. स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ साली पंचविसावं असलेलं शहर २०१७ मध्ये पहिलं आलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. इंदूरकरांचे संस्कार एका वर्षात सुधारले, असं कोणी म्हणत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचराकुंड्या उचलल्या, दारात रोज गाडी येऊ लागली, गाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे. गाणं वाजलं की बादली घेऊन खाली जायचं, हे लहान मुलालाही कळलं. दंडही झाले, पण त्यांच्या बरोबरीने गाडी दारात येत होती. शाळेत नेमकं उलटं चालतं: गाडीचा पत्ता नसतो आणि दंडाची पावती तयार असते. (स्वच्छतेचा हा दाखला आपण इंदूरकर जरा जास्तच वापरतो, हे मान्य. इथे तो लागू पडतो म्हणून.)

आता कौतुक. चार कौतुकांमागे एक टोकणं, असं प्रमाण वर्तनशिक्षणात सांगितलं जातं. आकडा पवित्र नाही. पण स्वतःचे मोजून पाहिले तर बहुतेकांचं प्रमाण उलटं निघतं. मोजायला सोपी युक्ती: उजव्या खिशात दहा चिंचोके घ्यायचे, नेमकं कौतुक केलं की एक डाव्या खिशात टाकायचा. साडी नेसणाऱ्या बाईंनी टेबलावर खडूचे दोन डबे ठेवावेत. पिरियड संपताना उजवीकडे आठ उरले असतील तर वर्ग वाईट होता की आपली नजर, हे कळतं. "शाब्बास", "व्हेरी गुड" याला चिंचोका हलवायचा नाही. "डस्टर जागेवर ठेवलंस, पुढच्या मॅडमना शोधावं लागणार नाही" याला हलवायचा. काय केलं आणि त्याने कुणाचं काय सोपं झालं, हे दोन्ही त्यात आहे. "हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "तिसऱ्या वेळी वेगळ्या रीतीने करून पाहिलंस" हे म्हणणं बरं. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी दाखवलं की बुद्धीचं कौतुक झालेली मुलं पुढच्या अवघड कामात लवकर कच खातात, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहतात.

पण सातवी-आठवीत एक सापळा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर "किती गुणी मुलगा" म्हटलं की मधल्या सुट्टीत त्याची धडगत नाही. "ए गुणी, भिया" हे त्याला महिनाभर ऐकावं लागतं, आणि तो पुढच्या वेळी मुद्दाम काहीतरी वात्रटपणा करून हिशेब चुकता करतो. अशा मुलांचं कौतुक कॉपी तपासताना हळू आवाजात, किंवा समासात एका ओळीत. पूर्ण गटाचं कौतुक मात्र मोठ्याने चालतं.

बक्षिसांवर शाळा लवकर घसरतात: स्टार, स्टिकर, कूपन, महिन्याचा आदर्श विद्यार्थी. या आदर्श विद्यार्थ्याच्या फलकाइतकी निरुपयोगी वस्तू शाळेत दुसरी नाही. वर्षात जेमतेम दहा-अकरा नावं, आणि ती कोणाची असणार हे जूनमध्येच सगळ्यांना ठाऊक. ज्याच्या वागण्यासाठी हा खटाटोप, त्याने पहिल्याच आठवड्यात नाद सोडलेला असतो. कूपनचं वेगळंच दुखणं. पहिल्या महिन्यात शिक्षक खिरापतीसारखी वाटतात, दुसऱ्यात छापायचा कंटाळा येतो, तिसऱ्यात मुलं विचारतात, "हे केलं तर काय मिळणार?" "ही लाच झाली" हा आक्षेप इथे रास्त आहे. १९७३ मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग सांगतो की ज्या लहान मुलांना चित्रं काढायची मुळातच हौस होती, त्यांना आधी बक्षीस कबूल करून काढायला लावलं, तर नंतर त्यांची हौस घटली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांची घटली नाही. व्यवहारात याचा अर्थ असा: आवडीच्या कामावर बक्षीस लावू नये, नावडत्या किंवा नव्या सवयीवर लावावं, आधी जाहीर करू नये, गटाला द्यावं, आणि दोन महिन्यांत कमी करत काढून घ्यावं. बक्षीस पैशाचं नको. शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं अंताक्षरी, बाकाची जागा स्वतः निवडणं, खेळाचं सामान काढायचा मान यांना खर्च नाही आणि मुलं जीव टाकतात.

गटाचा एक जुना खेळ १९६९ मध्ये अमेरिकेत चौथीच्या वर्गावर करून पाहिलेला आहे. वर्गाचे दोन गट, नियम मोडला की गटाच्या नावाखाली एक खूण, ठरावीक खुणांच्या आत राहिलेला गट जिंकतो, दोन्ही राहिले तर दोन्ही जिंकतात. सुरुवातीला फक्त दहा मिनिटं खेळायचा, तोही दिवसातल्या सर्वांत अवघड पिरियडला. एखादा पठ्ठ्या मुद्दाम खुणा करवून गटाला बुडवतो, कारण सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागतात. त्याला ओरडू नये. त्याचा एकट्याचा तिसरा गट करावा. प्रेक्षक गेले की नाटक ओसरतं.

टोकायची वेळ येणारच. तिथे शिक्षा लहान आणि खात्रीची असावी, क्वचित आणि जबर नसावी. आधी नुसतं त्या बाकाशेजारी जाऊन उभं राहून शिकवत राहायचं. मग हळूच नाव. मग कानाशी: "पहिली दोन उदाहरणं आत्ता सोडव, नाहीतर सुट्टीतली पहिली पाच मिनिटं माझ्याजवळ बसून." एवढं बोलून पाठ फिरवायची आणि दहा सेकंद तरी तिकडे पाहायचं नाही. शिक्षक बघत उभा राहिला की मुलाला मित्रांसमोर माघार घेता येत नाही, आणि पेन्सिलवरून सुरू झालेलं प्रकरण इज्जतीवर जातं.

एवढं करूनही वर्गातल्या दोघा-तिघांचं भागत नाही. त्यांना रोजचं कार्ड द्यावं. सकाळी एका ठरलेल्या शिक्षकाशी तीन मिनिटं, दोन लक्ष्यं, प्रत्येक पिरियडला शून्य, एक किंवा दोन गुण, सुट्टी होताना पुन्हा तीन मिनिटं. सहा पिरियड, दोन लक्ष्यं म्हणजे चोवीस गुण. पहिल्या आठवड्यात पंधराला यश धरावं, मग चढवत एकोणिसावर न्यावं. कार्ड घरी पाठवायचा मोह होतो. काही घरांत "आज फक्त अकरा?" म्हणून पट्टा निघतो, आणि मूल दुसऱ्या दिवसापासून कार्ड हरवू लागतं. म्हणून घरी आकडा पाठवू नये, आज काय जमलं ती एक ओळ पाठवावी.

सतत छळणं, मारहाण, लैंगिक त्रास हे प्रकार चिंचोक्यांचे नाहीत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर आहे, आणि तिथे मुख्याध्यापकांनी "आपसात मिटवून टाका" म्हणणं हाच गुन्हा ठरू शकतो.

पंचेचाळीस मुलांत हे जमत नाही, असं शिक्षक म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. कायद्यात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. सेक्शन त्याहून मोठा असेल तर व्यवस्थापनाला जाब विचारायला हवा. पण दारात उभं राहणं, फळ्यावर आधी काम लिहिणं आणि हात वर करून थांबणं पंचेचाळिसांतही जमतं. किंबहुना पंचेचाळिसांतच त्याची गरज जास्त.

पालकांनी पुढच्या सभेत "शिस्त कडक करा" म्हणण्याऐवजी एवढंच विचारावं: सहावीच्या मुलांना जिना कसा उतरायचा हे कोणत्या तारखेला, कोणी, किती मिनिटं शिकवलं? तारीख सांगता आली तर पुढचं बोलता येईल. "रोज प्रार्थनेत सांगतो की" असं उत्तर आलं, तर शाळा सुटायच्या वेळी त्या जिन्यापाशी पाच मिनिटं उभं राहून पाहावं.